अंतराळवीरांचे आकाराममामा

आकाराम चौगुल्यांनी जन्मात विमान जवळून पाहिलं नव्हतं, तरी कोल्हापुरातली पोरं अंतराळात नेऊन सुखरूप खाली आणली ती त्यांनीच.

अठ्ठ्याण्णव साली इथल्या एका स्टुडिओत अंतराळवीर व्हायचं शिक्षण घेणाऱ्या मुलांचा सिनेमा निघाला. मुलं तरंगताना दाखवायची म्हणजे कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून वर ओढायची. ओढायला पडद्यामागे मामा. तरुणपणी गाळ काढायला विहिरीत उतरणाऱ्यांचा दोर धरलेला हा गडी. दोराला माणूस असेपर्यंत तोंडात तंबाखू नाही, कुणाशी बोलणं नाही. दिग्दर्शक 'कट' म्हणाला की सगळे चहाला पळत. मामा मात्र पोराचे पाय जमिनीला लागेपर्यंत मूठ सैल करत नसत. दिग्दर्शक चिडायचा. चिडू दे बापडा!

सिनेमातली मुख्य पोरगी शिरोळची सौंदर्या. बोलायला तिखट, पण दोर बांधला की हातपाय गार. शेवटी दिग्दर्शकाने सांगून टाकलं, उद्या जमलं नाही तर दुसरी मुलगी आणू. पोरगी पडद्यामागे येऊन हमसून रडायला लागली.

"मामा, वर गेल्यावर तुम्ही दिसतच न्हाईसा. दोर सोडून गेलासा तर?"



"हे बघ बाळ, विहिरीतल्या गड्यालाबी मी दिसत न्हवतो. मी दोराला दोन हिसके देनार, म्हंजे मी हाय. तूबी दोन दे, म्हंजे तू बरी हाईस. झालं की!"

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. पडद्याआडून मामांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी दोन हिसके दिले. वरून उत्तर येईना. मामांना दरदरून घाम फुटला. मग हाताला दोन हलके हिसके जाणवले, आणि पाठोपाठ पोरगी खळखळून हसली. मामांचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

सिनेमा लागला तसे मामा बायकोला, शालूबाईंना, घेऊन पहिल्याच खेळाला गेले. सौंदर्या तरंगताना कशी दिसते हे ते पहिल्यांदाच पाहत होते. पोरगी हसत हसत वर गेली, थिएटरात शिट्ट्या पडल्या, आणि तेवढ्यात पडद्यावर तिच्या आईबापाचं घर आलं. मग गाणं झालं, रॉकेट सुटलं, मध्यंतर झालं. शालूबाईंनी चिरमुऱ्यांची पुडी पुढे केली. मामांच्या दोन्ही मुठी आवळलेल्याच.

"आवं, घ्या की. सिनेमा हाय त्यो."

"व्हय, ठावं हाय," मामा म्हणाले. "पर पोरगी अजून खाली आली न्हाय की."