नव्वद दिवसांची सवलत

आमच्या मामेसासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि देव करो, होऊही नये. एक आहे तेवढ्यानंच आम्ही सगळे घायकुतीला आलो आहोत. एकदा चंद्रपुरात पोलिसानं गाडी अडवली, कागद पाहिले, सगळं ठीक आहे म्हणून जा म्हटलं. तर मामा खाली उतरून त्याला सांगतात, "साहेब, आजचं ठीक आहे, पन परवा मी लाल सिग्नल असतानी निंगलो होतो. त्याचं काय ते पाहून घ्या." पोलीस हादरला. त्यानं मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. सख्ख्या पुतण्याला स्थळ आलं तेव्हा मुलीच्या बापाला यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "पोट्टा गुनाचा आहे, पन तंबाखूचा खर्रा खाते अन् दहाच्या आत उठत नाई." ते लग्न मोडलं ते मोडलंच. वर मामा आम्हालाच विचारतात, "काऊन, खोटं बोललो का मी?"

गाडी चालवणं म्हणाल तर चाळीसच्या वर काटा गेला की यांना घाम फुटतो. मागून कोळशाचे ट्रक बोंबलत असतात आणि हे आपले निवांत! मामांच्या मूल गावाहून चंद्रपूरला जाणारा रस्ता जंगलातून जातो. वाघाची पाटी दिसली की हमखास हॉर्न वाजवणार. "त्याले समजलं पायजे ना, का आपन येऊन राह्यलो." पण त्या जुन्या पांढऱ्या गाडीची थट्टा मी कधी केली नाही. मामींच्या किडन्या गेल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी चंद्रपूरला डायलिसिस, आणि बसचे धक्के त्यांना सोसवत नाहीत. गाडी होती म्हणून मामी होत्या, इतकं सरळ.

त्या गाडीचा विमा मीच उतरवतो. एजन्सी हाच माझा धंदा. यंदा मुदत नेमकी पितृपक्ष लागताच संपत होती. मी फोन केला तर मामा म्हणाले, "पितरायच्या दिवसात नवा कागद घरात आनत नाई मी. घटस्थापनेले करू." मी जेवत होतो. तोंडात घास तसाच ठेवून म्हणालो, "करा मामा, नव्वद दिवस असतात." असतात, खरंच असतात; पण ते क्लेम न घेतल्याची सवलत टिकवायला. मुदत संपली की गाडीवर विमा एक दिवससुद्धा राहत नाही. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, आणि मी दुसरा घास घेतला.

मुदत संपल्याच्या बाराव्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज अगदी शांत. "जवाईबुवा, घाबरू नोका. रानडुकरानं धडक देल्ली. तुमची मामी ठीक आहे, गाडीचं तोंड गेलं. पन आपल्याजवळ तं अजून अठ्ठ्याहत्तर दिवस आहेत!"

क्लेम अर्थातच नामंजूर झाला. मामांनी स्वतःच्या हातानं तक्रारअर्ज लिहिला, आणि आम्हा दोघांना विमा कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. साहेब भला माणूस होता. अर्ज वाचून म्हणाला, "काका, हे नव्वद दिवस तुम्हाला कोणी सांगितले? एजंटनं सांगितलं असेल तर तसं लिहून द्या. त्याच्यावर कारवाई होईल, पण तुमच्यासाठी वर काहीतरी मागता येईल मला."

संपलं, म्हटलं. विचारलंय कोणाला, तर आमच्या मामांना! माझी एजन्सी गेली, पोरांच्या शाळा गेल्या. मी मान खाली घालून माझं नाव ऐकायची वाट पाहू लागलो.

"कोनी नाई सांगतलं," मामा म्हणाले. "माह्याच समजात गलती झाली."

मी दचकून वर पाहिलं. साहेबानं पुन्हा विचारलं, मामांनी पुन्हा तेच सांगितलं. जिना उतरताना मात्र ते मधेच थांबले. पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. "मामा, हे काय केलंत?" मी कसंबसं म्हणालो. "तुमाले लेकरं आहेत जी," ते म्हणाले, आणि गटागटा पाणी पिऊन, "बापा! लोकं रोज कसे बोलत असतीन हो खोटं?"

आता मंगळवार-शुक्रवार मी माझ्या गाडीतून त्यांना नेतो. मामा माझ्या शेजारी, मामी मागे उशीला टेकून. मामींना अजून पटत नाही. दर फेरीला जंगल लागलं की त्या सुरू करतात, "इतके शिकले-सवरले, अन् साधं नव्वद दिवसाचं नाई समजलं का जी तुमाले?" मामा खिडकीबाहेर पाहत म्हणतात, "नाई समजलं बाप्पा. चुकलो." लाज वाटते मला, फार वाटते. दर वेळी वाटतं, आज मामींना सांगून टाकावं. आणि दर वेळी मामा हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवतात, आणि मी गाडी चालवत राहतो.