भर उन्हातला स्वेटर

फोन आला तवा मी तव्यावर भाकरी टाकली होती. मोठे दीर पालघरच्या हॉस्पिटलातून एवढंच बोलले, "सुमन गेली." नुसता ताप नि उलट्या होत्या हो... तापानं कोण मरतं?

सुमनवैनी माझी मोठी जाऊ. दांडी गावात आमचं एकच घर, एकच चूल. तिची पोरगी तनू झाली तवा वैनीचं रक्त लय गेलं, ती वाचली म्हणून आमी देवीला नारळ दिला. पण दूध आलंच नाय. आमच्यात बाळंतिणीला दुधासाठी मुशी मासा देतात, सासूनं रोज मुशीचं कालवण घातलं, तरी थेंब नाय. माझा पोरगा तवा अंगावर पीत होता, मग तनूलापण मीच पाजली. वैनी दारात उभी राहून बघायची, म्हणायची, "माझं अंगच फितूर झालं ग."

त्यानंतर ती बदललीच... पाळी परत आली नाय, बसल्याजागी झोपायची, नि भर उन्हात थंडी वाजायची. सासू बोलायची, "पोर दुसरीच्या अंगावर, नि म्हाराणी झोपलीय!" दीर बोलायचे, पाळी नाय तर बरंच हाय की. बोईसरला डॉक्टरकडं नेली तर रक्तवाढीच्या गोळ्या नि टॉनिकची बाटली. सगळ्यांनी फसवली तिला.

नि ती गेल्यावर हॉस्पिटलातला डॉक्टर दिरांना विचारतो, बाळंतपणात रक्त गेलं होतं? दूध आलं नव्हतं? पाळी बंद? दीर हो हो करत गेले. तो बोलला, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, सगळ्या अंगाला हुकूम तीच सोडते, रक्त गेलं तवा ती सुकली, म्हणून साधा तापपण अंगाला झेपला नाय. रोजच्या गोळ्यांवर जगली असती. रोजच्या गोळ्यांवर! एवढी वर्सं हे कुणी विचारलंच नाय, नि उत्तरं तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती.

मी आता परत पोटुशी हाय. सासू आत्तापासून बोलते, "तुला मुशी घालीन." मला भ्या वाटतं. दवाखान्यातल्या बाईंना सांगून ठेवलंय, रक्त गेलं नि दूध नाय आलं तर मला आळशी बोलू नका, तपासा.

वैनीचा हिरवा स्वेटर अजून खुंटीला हाय. परवा दुपारी मी तो घातला नि तशीच बोंबील वाळत घालायला गेले. चार बोंबील टाकले नि घामानं चिंब, काढून फेकला. वैनी तोच घालून सगळी दुपार उन्हात बसायची. बायका हसायच्या, "काय ग, काश्मीरला चाललीस?" तीपण हसायची... म्हणायची, "चालले, पण अजून एक स्वेटर द्या कुणीतरी."