दाब की दुखणं

मुलीच्या जन्माची गोष्ट आमच्या घरात पुष्कळदा सांगितली जाते आणि दर वेळी ती ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी थांबते. आतलं फक्त मला माहीत आहे.

आम्ही विरारला राहत होतो. दिवस भरत आले तशी आई नालासोपाऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. कळा सकाळी सुरू झाल्या. दुपारी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता वाट बघायची नाही. सिझर करू या." आईने माझ्या बांगड्या उतरवून घेतल्या.

भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या इस्पितळातलं काम आटोपून स्कूटरवरून आले. वसईकडचे, पन्नाशीचे, कपाळावर हेल्मेटचा वळ. मला टेबलावर बसवून म्हणाले, "पाठ बाहेर काढ, बाय. हनुवटी छातीला लाव. हलू नको." पाठीत सुई गेली. पाय आधी गरम झाले, मग जड. कमरेखालचं बधिर होईल पण तू जागी असशील, हे मला सांगितलेलं होतं. बाळाचं पहिलं रडणं ऐकायला मिळणार म्हणून उलट बरंच वाटत होतं.

त्यांनी स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवला. "गार लागतं?"

"डावीकडे नाही. उजवीकडे लागतंय थोडं."

"जरा थांबू या," ते म्हणाले. पडद्यापलीकडून मॅडमचा आवाज आला, "ठोके आणखी खाली गेलेत. मला थांबता येणार नाही."

आधी नुसतं ओढल्यासारखं झालं. मग उजव्या अंगाला आग लागली. मी म्हणाले, "दुखतंय."

"दाबल्यासारखं वाटतं, ताई. घाबरू नका," नर्स म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "मोठा श्वास घ्या." आपण मराठीतच बोलतोय ना, अशी मला शंका आली.

मग भुलीचे डॉक्टर माझ्या तोंडावर वाकले. "माझ्याकडे बघ. दाब की दुखणं?"

"दुखणं. उजवीकडे. कापतायत ते कळतंय."

ते पडद्यापलीकडे बघत म्हणाले, "तिला कळतंय. बाळ काढा, लगेच झोपवतो तिला." बाळ बाहेर येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला. ते बाहेर आलं तेही मला कळलं. रडलं असेल, मला आठवत नाही. शिरेतून औषध गेलं आणि वरचा दिवा लांब लांब जायला लागला.

शुद्धीवर आले तेव्हा मुलगी आईच्या मांडीवर होती. मी म्हटलं, "आई, मला आतलं सगळं कळत होतं गं."

"बाळ सुखरूप आहे ना? मग ते मनातून काढून टाक," आई म्हणाली. नवऱ्याला वाटलं, गुंगीत असे भास होतात.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टर वॉर्डात आले आणि हेल्मेट मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. "उजव्या बाजूला औषध नीट चढलं नव्हतं. तू सांगत होतीस ते खरं होतं. कधीतरी होतं असं. मला वाईट वाटतंय. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर हे आधी सांग." नवरा शेजारीच उभा होता. ते गेल्यावर मी रडायला लागले. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मुलीला लस द्यायला मग दर वेळी तोच इस्पितळात घेऊन गेला. मला त्याने कधी चल म्हटलं नाही.

मॅडमवर मला धड रागावताही येत नाही. त्या थांबल्या असत्या तर मुलगी हाती लागली असती की नाही, कोण सांगणार? ती आता शाळेत जाते. तरीही कुणी सहज "दुसऱ्याचं काय?" विचारलं, की माझा हात आपोआप पोटाच्या उजव्या बाजूला जातो.

मध्यंतरी दाढ काढायची होती. दाताच्या डॉक्टरला सगळं आधी सांगितलं. तरुण मुलगा, शांतपणे ऐकून घेतलं त्याने. हिरडीत इंजेक्शन देऊन थांबला, मग टोचून विचारलं, "काही जाणवतंय?"

खरं तर काहीच जाणवत नव्हतं. मी "हो" म्हणाले. त्याने वाद न घालता आणखी औषध दिलं. संध्याकाळपर्यंत अर्धा ओठ लुळा होता, चहा हनुवटीवरून ओघळत होता आणि मुलगी मला हसत होती.