अकरा सेकंदांचं अंतर

भूकंपमापन केंद्रात वसुधा आणि मी बारा वर्षं एकाच टेबलावर काम केलं. आज छापील अहवाल हातात पडला. दोघींनी मिळून केलेल्या अभ्यासावर नाव मात्र तिच्या एकटीचं होतं.

“वरून एकच नाव मागितलं गं. मी काय करणार?” ती म्हणाली.

तेवढ्यात नोंदयंत्राची सुई थरथरली. आधी पोचते ती खडकाला मागेपुढे ढकलत येणारी लहर. ती वेगवान, पण इतकी हलकी की पुष्कळांना कळतही नाही. मग आडवं हलवणारी दुसरी येते, आणि शेवटी जमिनीवरून पसरत भिंती पाडणाऱ्या. माझ्याकडेही पहिली लहर येऊन गेलीच असणार. महिनाभर वसुधा डबा खायला माझ्यासोबत बसत नव्हती, आणि मी समजत होते, कामाची घाई असेल.

मी पट्टी लावून पहिल्या दोन लहरींमधलं अंतर मोजलं.

“किती?” तिने हळूच विचारलं.

“अकरा सेकंद.”

नोंदवहीत आकडा लिहिला आणि सवयीने खाली दोघींची नावं घातली. वसुधाने ती वाचली आणि तोंड फिरवलं. मला राग आला तो स्वतःचाच. तिचं नाव लिहिताना माझा हात जराही अडखळला नव्हता.