आमचा परत केलेला कूलर

काल दुपारी अक्कलकोट रोडला आमचा कूलर दिसला... नवा रंग मारून विकायला ठेवलेला.

आमचा म्हणजे, आता आमचा नाही. एप्रिलच्या शेवटी त्याच दुकानातून घेतला होता. जुना, पत्र्याचा, मोठ्या पंख्याचा. सोलापूरचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. संध्याकाळ झाली तरी भिंतीला हात लावावासा वाटत नाही. नव्या कूलरचं बजेट नव्हतं, म्हणून जुना आणला.

दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे आलं की सगळं घर बादल्या घेऊन धावतं. सासूबाई चालू कूलरमध्येच पाणी ओतायला गेल्या, अनवाणी, ओल्या पायांनी... आणि त्यांचा हात जाळीला चिकटला.

बादली आपटली म्हणून मी वळून बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. मेन स्विच पाडायची बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे. त्या वाचल्या. उजव्या हाताची बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत.

तासाभरात कूलर टेम्पोत घातला आणि दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "तुमच्या घराला अर्थिंग नसंल." चोराच्या उलट्या बोंबा! आमच्या वायरमनने आधीच बघितलं होतं, घराची अर्थिंग ठणठणीत. कूलरच्याच वायरीत अर्थिंगची तार नव्हती, आणि त्याच्या पाण्याच्या मोटरची वायर आतून सोलवटून पत्र्याला टेकली होती. मग मी जो आवाज लावला... रस्त्यावरचे लोक थांबले. भांडणात मी कुणाला हार जात नाही, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माहीत आहे. कूलर त्याच्या गळ्यात मारला आणि पैसे परत घेऊनच हलले.

त्या भांडणाची पोस्टही टाकली होती इथं. तुम्ही सगळ्यांनी 'वाघीण' म्हणून टाळ्या वाजवल्या. मीही दोन दिवस हवेत होते. तो कूलर पुढे कुणाच्या घरी जाणार, हा विचार मला शिवला नाही... तुमच्यापैकीही कुणी विचारलं नाही.

काल तो दिसला आणि मी स्कूटी थांबवली. रंग चंदेरी मारलेला, पण एका चाकाच्या जागी माझ्या नवऱ्याने ठोकलेला लाकडी ठोकळा तसाच होता. एक जोडपं भाव करत होतं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात कामाला, हे नंतर कळलं. बायकोच्या कडेवर वर्षाचं पोरगं. त्याची मान, पाठ घामोळ्यांनी लालेलाल झालेली.

मी सरळ मध्ये घुसले. "ताई, हा घेऊ नका. याने माझी सासू मरता मरता वाचलीय."

दुकानदार थंडपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा व्यवहार मिटला की. आता कशाला मधी पडताव?"

मी बाह्या सरसावल्याच होत्या. पण ती बाई माझ्याकडे बघून अगदी शांतपणे बोलली. "त्यांनी सांगितलंय की ओ, करंट मारतोय म्हनून. तवाच तर एवढ्या स्वस्तात देतोय. चपला घालून पानी वतायचं, काय हुतंय? लेकरू दोन रात्री झोपलं न्हाय."

आणि मग म्हणाली, "तुमीच परत दिलाव व्हय? बरं झालं बाई... न्हायतर आमाला कूलर कुटला घावायला."

मी बाह्या खाली केल्या. दुकानदाराने लपवलं नव्हतं. ती समजून उमजून घेत होती. मी नेहमीसारखी भांडायला उभी राहिले, तर समोर कुणीच नव्हतं.

शेवटी आमच्या वायरमनला फोन केला. त्याने तिथेच फुटपाथवर नवी मोटर, अर्थिंगसकट नवी वायर बसवली. खर्च मी केला, आणि त्यात काही मोठेपणा नाही. टेस्टर लावून झाल्यावर मी वायरमनला घेऊन त्यांच्या टेम्पोच्या मागेमाग गेले. का गेले, ते मलाही सांगता येणार नाही.

पत्र्याची एकच खोली. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. वायरमनने बोर्ड उघडून बघितला आणि माझ्याकडे वळून नकारार्थी मान हलवली. खोलीला अर्थिंगची तारच नव्हती... म्हणजे कूलरच्या आतली वायर उद्या परत सोलवटली, तर करंट जाणार तो पाणी ओतणाऱ्या हातातूनच.

घरमालकाचा नंबर मागितला, तर तिने हात जोडले. "नको ओ ताई. तक्रार केली तर खोली सोडा म्हनल. या उन्हात लेकराला घिऊन कुटं जाऊ?"

मग पाणी ओतण्याआधी प्लग काढायचा, हे मी तिच्याकडून तीनतीनदा करून घेतलं. बिचारीने न कंटाळता केलं. कूलर सुरू झाला, पोराला समोर निजवलं, आणि ते अंग सैल सोडून खरंच झोपी गेलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मला तिथं उभं राहवेना.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "ताई, तुमचे लई उपकार झाले."

ते शब्द काल दुपारपासून मला टोचतायत. शॉक बसल्यावर जी वस्तू मी माझ्या घरात तासभरही ठेवली नाही... ती तिच्या लेकराच्या उशाशी लावून आले मी.