ओवाळणीची फरशी

तीळ निम्मे निवडून झाले होते. ताटाच्या एका बाजूला पांढरेशुभ्र तीळ, दुसऱ्या बाजूला खड्याकाड्यांसकट तसेच, आणि मधल्या रेघेवर कामिनीचं बोट. संक्रांत तोंडावर आलेली. तेवढ्यात फोन वाजला. तिचा नवरा योगेंद्र डोंगरावरच्या त्यांच्या रिसॉर्टमधून बोलत होता.

"आई पडनी."

"कोठे?"

तो म्हणाला, "तुन्हा भाऊना फरशीवर."

स्विमिंग पूलच्या काठावर पडली, असं त्याला म्हणता आलं असतं. अंगणात पडली म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तो जे म्हणाला तेच खरं होतं. ताट तसंच ठेवून कामिनी उठली, देवापुढे हात जोडले आणि पायात चपला सरकवल्या. आईंना खाली शहाद्याच्या दवाखान्यात आणत होते.

कामिनी म्हसावदची. सतरा वर्षांपूर्वी ब्राह्मणपुरीच्या या केळी-उसाच्या घरात आली. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं वाईट नाहीत, पण तिच्या माहेराचं नाव निघालं की सासूच्या, सुगंधाबाईच्या, ओठाचा एक कोपरा खाली जायचा. बाप लवकर गेलेला, भाऊ एकुलता एक, हेमकांत. त्या घरातून जे यायचं ते बेताचंच असायचं. पहिल्या दिवाळीला माहेरून सासूला साडी आली, तेव्हा सुगंधाबाई दोन बोटांत पदर धरून म्हणाल्या होत्या, "म्हसावदनी साडी शे. पहिला पानीमांच रंग सोडी." साडीने रंग सोडला की नाही हे कोणी पाहिलं नाही. पण ते वाक्य काही धुऊन निघालं नाही. हेमकांत आला की सासूबाई हसून सांगायच्या, "म्हसावदना पाव्हना उना, कान तुटेल कप काढू नको." चांगला कप काढायला सांगण्याची ही त्यांची तऱ्हा. कामिनीही हसायची. हसून झालं की देवघरात जाऊन समई पुसायची. या घरात आपल्या भावाला एकदा तरी ताठ मानेने बसलेलं पाहावं, एवढंच तिचं मागणं होतं. दर गुरुवारी उपास करून ती सारंगखेड्याच्या दत्ताकडे तेच मागायची. दुसरं मागायला तिला सुचलंच नाही.

मग योगेंद्रच्या डोक्यात रिसॉर्ट शिरलं. तोरणमाळच्या बाजूला फुलसिंग पावरा म्हणून त्यांच्या जुन्या ओळखीचा माणूस होता. जागा त्याची, बांधकाम यांचं, अशी भागीदारी ठरली. खोल्या उभ्या राहिल्या, आणि खोल्यांपुढे पूल खणला. "सुरतवाला पानी दिखनं का येडा व्हई जास," असं योगेंद्रचं म्हणणं. पूल बांधून झाला, तर आता काठाची फरशी कोणती आणि ती लावायची कोणी, एवढंच उरलं होतं.

दोन माणसं पुढे आली. एक नवापूरकडचा दानियल. सापुताऱ्याच्या हॉटेलांमधून त्याने बरीच वर्षं फरशीकाम केलेलं. दुसरा हेमकांत. त्याने शहादा-लोणखेड्याच्या बाजूला पाचसहा बंगल्यांच्या टाईल बसवल्या होत्या.

दानियल पिशवीत दगडाचा एक तुकडा घेऊन आला. करडा, टाकी मारून खरखरीत केलेला. त्याने अंगणातल्या नळाखाली तो ओला केला, शेजारी एक चकचकीत टाईल ठेवली आणि तीही ओली केली.

"खाली शहाद्यात फरशी घेताना माणूस विचारतो, उन्हात पाय भाजतील का," तो म्हणाला. "डोंगरावर तेवढ्याने भागत नाही, ताई. तिथे विचारायचं, पाणी कुठे जाईल. पौषात पहाटे वर दव गोठतं. ही टाईल पाणी पीत नाही, हे खरं आहे. पण पाणी तिच्या अंगावर तसंच राहतं, आणि ते गोठलं की काच होते. खाली सिमेंट पूर्ण भरलं नाही, तर पोकळीत पाणी शिरतं. बाटली भरून फ्रीजरात ठेवली की फुटते, तशी मग फरशी उचलते. काठाला उतार हवा, दगड खरखरीत हवा, खाली पोकळी नको. मला काम द्या न द्या, पण एवढं करा."

योगेंद्र बांधावरून फोनवर बोलत होता. ऐकायला कामिनी एकटीच.

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली.

"पायाला विचारा," दानियल म्हणाला.

तो हिशेबाचं बोलायला योगेंद्रकडे गेला, तशी कामिनीने चप्पल काढली. टाईलवर पाऊल ठेवलं तर बोटं आपोआप आकडली. दगडावर ठेवलं तर पाऊल नुसतं राहिलं, प्रकाशा गावच्या घाटावर तापीत उतरताना राहतं तसं. विचारलं, आणि पायाने सांगितलंही.

पुढे आली भाऊबीज. हेमकांत म्हसावदहून आला. तिने पाट मांडला, त्याला टिळा लावला, ओवाळलं. ताटात काहीतरी टाकायचं, तर त्याने खिशातला हात बाहेरच काढला नाही.

"अक्का, दरवर्षी मी तुले ओवाळणी देस. यंदा तू माले दे."

"काय दिऊ रे तुले?"

"डोंगरवरनं काम. बहीनना घरनं काम भाऊले नही मियी, ते कोनले मियी?"

निरांजन अजून तिच्या हातात होतं. ओवाळताना ज्याने जे मागितलं त्याला नाही म्हणायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. "ह्यासले इचारी दखस," एवढं ती म्हणाली. हेमकांत हसला. अर्धं काम झालं, हे त्याला कळलं.

संध्याकाळी दिवेलागणीला योगेंद्रनेच विषय काढला. "दोन मानसं शेत. मी तुन्हा भाऊले ना म्हनसू, ते तू वरीसभर तोंड फुगाईसन बठशी. म्हनीसन तूच सांग." तो थट्टेत बोलला, पण बोलला खरा. इतक्या वर्षांत या घरात तिला मिठाच्या अंदाजापलीकडे कोणी काही विचारलं नव्हतं. सुगंधाबाई जपमाळ ओढता ओढता थांबल्या आणि त्यांनीही तिच्याकडे पाहिलं.

मन दोन बाजूंना ओढलं गेलं की देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, ही कामिनीची जुनी सवय. त्या दिवशी तिने चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. देवाने काय उचललं असतं, ते तिच्या पायाला माहीत होतं.

"हेमकांतले द्या," ती म्हणाली.

दानियलला नाही सांगायचं कामही तिच्याच वाट्याला आलं. "घरच्यांनी ठरवलं," ती म्हणाली. देवाचं सगळं करणारी बाई, पण ते खोटं तिच्या तोंडून सहज निघालं. पिशवी उचलताना दगडाकडे पाहून तो म्हणाला, "हा राहू द्या. परत न्यायला ओझं. कपडे धुताना उभ्या राहा." तेव्हापासून तो दगड मागच्या नळापाशी पडला. ती रोज त्यावर उभी राहून धुणं धुवायची आणि त्याच्याकडे पाहायची नाही.

भावाला मात्र तिने सगळं सांगितलं. उतार, पोकळी, खरखरीत दगड. हेमकांत पोटभर हसला.

"अक्का, खरखरीत दगड गोठामां लावतस. पाव्हनासले फोटू काढना ऱ्हास. अन् तठे उन्हायामां गर्दी, थंडीमां कोन पोहाले जास?"

उन्हाळ्यात रिसॉर्ट उघडलं आणि देवाने खरंच तिला एक ऋतू दिला. खाली सगळं भाजून निघालेलं, वर निळं पाणी आणि भोवती आरशासारखी पांढरी फरशी. लोक खाली वाकून आपलं तोंड पाहायचे. पाय भाजत नाहीत म्हणून योगेंद्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मन्हा सालानं काम शे." सुगंधाबाईंनी एका पाहुणीसमोर कबूल केलं, "हेमकांतनी काम झकास करं, खोटं कसाले बोलू." हेमकांत आला की आता न सांगता चांगला कप निघायचा. दाजी आणि तो शेजारी शेजारी बसून जेवायचे. कामिनी वाढताना मुद्दाम त्याच्या पानाशी रेंगाळायची. मागितलेलं मिळालं होतं.

फक्त एकदा, पूलच्या काठावर ती हातातला तांब्या ठेवायला गेली, तर टाईल खालून मडक्यासारखी बोलली. तिने तांब्या उचलून पुढच्या टाईलवर ठेवला. तीही बोलली. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं नव्हतं. तांब्या उचलून ती परत गेली आणि त्या जेवणात हेमकांतच्या पानात तिने एक पुरणपोळी जास्त वाढली.

पौषात योगेंद्र आईला वर घेऊन गेला. राहून गेलेली सत्यनारायणाची पूजा करायची होती. कामिनी संक्रांतीच्या कामाला घरी थांबली. सुगंधाबाईंचा नेम असा, की सूर्य उगवताना अर्घ्य द्यायचं. घरी ओट्यावरून देत, तिथे समोर एवढं पाणी पाहून त्यांना घाटच आठवला असेल. तांब्या घेऊन अनवाणी निघाल्या. काठावर सांडलेलं पाणी उतार नसल्याने तिथेच थांबलेलं, आणि पहाटे गोठून टाईलच्या रंगाचं झालेलं. सूर्याला पाणी पोचायच्या आत बाई खाली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात त्या खाटेवर सरळ पडून होत्या. चेहरा कापसासारखा. कामिनीने पाय धरले तशा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "म्हसावदनी साडी पहिला पानीमां. अन् फरशी पहिला थंडीमां." मग थोड्या वेळाने, "पानी पाज."

कामिनीने चमच्याने पाणी पाजलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी हेमकांत संत्री घेऊन आला. सुगंधाबाईंच्या पायाशी वाकला, "मावशी, जपाले पाहिजे व्हतं," म्हणाला आणि लगेच बाहेर व्हरांड्यात गेला. कामिनी त्याच्या मागे गेली.

"अक्का, थंडी काय मी आनी का?"

"दानियलनी सांगं व्हतं. मी तुले सांगं व्हतं."

"तू सांगं. तू काय इंजिनेर शे का?"

"खाले पोकळ शे. मी वाजाडी दखेल शे."

संत्र्यांची रिकामी पिशवी हेमकांतने घडी घालून खिशात ठेवली. "मंग तव्हय काब्र नही बोलनी?" त्याने विचारलं.

तेव्हा का बोलली नाही, याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते त्याला द्यायचं नव्हतं. तो तेव्हा ताठ मानेने जेवत होता, हे त्याला काय सांगायचं.

तेवढ्यात योगेंद्र बाहेर आला. त्याने मेहुण्याकडे पाहिलंच नाही. बायकोला म्हणाला, "फुलसिंगना फोन उना. कडनी टाईल पापडसारखी फुगी गई. बठ्ठी उखाडनी पडी. तो नवापूरवाला येस का दख."

"तुम्ही बोलावा ना."

"मी कोनता तोंडे बोलावू? ना तू म्हनेल शे त्याले. तूच जाय."

तो डॉक्टरकडे निघून गेल्यावर हेमकांत भिंतीकडे बघत बोलला. आवाज लहानपणी रुसल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मन्हं काम परका मानूस उखाडी, ते बठ्ठा तालुकामां मन्हं तोंड काळं. अक्का, तसं व्हयनं ते मी तुन्हा दारमां पाय ठेवाव नही. मंग भाऊबीजले चंद्रले ओवाळजो."

भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. असलेल्या भावाने बहिणीला हे सांगावं, याच्यापुढे शिवी नाही. कामिनीने पदर नीट केला. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही.

"ओवाळसू," ती म्हणाली. "चंद्र फरशी ते लावस नही."

तो गेला. जिना उतरताना एकदा थांबला, वर पाहील असं वाटलं, पण नुसता मोबाईल काढून पुढे चालू लागला.

सासूबाईंचे कपडे आणायला म्हणून ती संध्याकाळी घरी आली. ताट होतं तसंच होतं, तिळावर झाकण घालायचंही राहिलेलं, आणि मधल्या रेघेवर मुंग्यांनी वाट पाडली होती. तिने समई लावली. दत्ताच्या तसबिरीपुढे नेहमीचं मागणं ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. नवीन काही सुचलं नाही, तेव्हा नुसता नमस्कार करून ती उठली. मागच्या नळाखाली पाय धुवायला गेली. दगड ओला होता, गारठलेला होता. ती त्यावर उभी राहिली.

मग आत येऊन सासूबाईंची नऊवारी, शाल आणि जपमाळ पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. सकाळी आधी ती दवाखान्यात द्यायची, आणि तिथून एसटीने नवापूरला जायचं, दानियलला बोलावून आणायला.