बटणावर न मिळणारी सिगारेट

दवाखान्याच्या व्हरांड्यात काचेचं एक यंत्र होतं. पैसे भरून बटण दाबलं, की बिस्किटांचा पुडा धपकन खाली पडायचा. आत माझ्या बायकोचं ऑपरेशन नुकतंच आटोपलं होतं, पण ती अजून शुद्धीवर यायची होती; लेक दारापाशी बसून होती, आणि मला वर्षापूर्वी सोडलेली सिगारेट आठवत होती.

"यात सिगारेट नसते का हो?" मी रखवालदाराला विचारलं.

"नाही साहेब. मशीनमधून तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे."

मग मी समोरच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्या मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आत कोण आहे?"

"बायको," मी म्हणालो, आणि पुढचं मागायला तोंडच उघडेना. मावशींनी चहाचा ग्लास पुढे केला. "घ्या. होईल सगळं नीट."

यंत्र कुणाचं वय विचारत नाही, चेहरा बघत नाही. माणसाकडे मात्र तोंडानं मागावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मन बदलू शकतं. तेवढा वेळ कायद्यानं आपल्यासाठी राखून ठेवलाय, याचं मला चहा पिताना फार बरं वाटलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, आई शुद्धीवर आलीय. तुम्हालाच विचारतेय."

मी जवळजवळ धावतच गेलो. तिचा आवाज इतका क्षीण होता, की ऐकायला मला अगदी जवळ वाकावं लागलं. तोंडाला वास येईल म्हणून मान फिरवावी लागली नाही.